दुसऱ्या संसाराची मराठी गोष्ट

राधानगरीला नाव मिळालं ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या राधाबाई यांच्यावरून. याच महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं. त्याला आता शंभराहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात मराठी कादंबरी, नाटक आणि चित्रपटानं पिचलेल्या बाईचं दुःख ताकदीनं मांडलं. तिला पुन्हा कुणी आवडलं, तिनं पुन्हा घर मांडलं, हे सांगताना मात्र त्यांचा हात आखडला.

सुरुवात तशी धीट होती. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली (1857) विधवा यमुना पुन्हा लग्न करते, पण त्यासाठी तिला धर्म बदलावा लागतो. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूच्या वाट्याला केशवपन येतं. देवलांच्या ‘शारदे’ला (1899) कोदंड मिळतो, पण म्हाताऱ्याशी लागणारं लग्न मोडल्यावर, नाटक संपता संपता. विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’मध्ये (1934) नवऱ्यापासून दुरावलेल्या अचलेची प्रेमाची ओढ उघडपणे लिहिली, तेव्हा खळबळ माजली. कोल्हापुरात जन्मलेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं ‘माणूस’ या चित्रपटात (1939) पोलीस शिपाई गणपत आणि कोठ्यावरची मैना यांचं प्रेम कमालीच्या हळुवारपणे उभं केलं. घर मात्र त्यांनाही मिळालं नाही.

प्रत्यक्ष आयुष्य या सगळ्यांच्या पुढे होतं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंनी 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि कर्व्यांच्या मुरूड गावच्या लोकांचा बहिष्कार सोसला. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात लग्नानंतरचा संसार आहे: ओढाताण, नवऱ्यावरचा राग आणि त्याच्याबद्दलची माया. कादंबरीकार जिथे थांबतात, तिथून हे पुस्तक खरं बोलू लागतं.

आणखी एक उणीव बोचते. अनेक बहुजन जातींत विधवेचा किंवा काडीमोड झालेल्या बाईचा पाट लावण्याची रीत जुनीच. वाजंत्री नाही, थाट नाही. लग्नाच्या बायकोइतका मानही नाही. तरी तो संसारच. वाड्यातल्या सोवळ्या विधवेभोवती फिरणाऱ्या साहित्यानं या बायकांच्या मनात डोकावून फारसं पाहिलं नाही.

म्हणून वाड्याबाहेरच्या माणसांच्या मनात डोकावणारा ‘जोगवा’ (2009) हा चित्रपट महत्त्वाचा. गडहिंग्लज परिसराची नस जाणणाऱ्या राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा यांच्या आधारानं राजीव पाटील यांनी तो केला. डोक्यात जट आली म्हणून देवीला सोडलेली सुली, लुगडं नेसायला लावलेला तायाप्पा. दोघांचे देह दुसऱ्यांनी वाटून घेतलेले, आणि त्या देहांवरचा आपला हक्क त्यांना एकमेकांमुळे कळतो. इथे पुरुष तारणहार म्हणून येत नाही. तोही तितकाच अडकलेला आहे. प्रेमाची ही बरोबरी मराठी पडद्यावर दुर्मीळ आहे. पण दोघं बंड करतात आणि चित्रपट संपतो.

पडद्याबाहेर मात्र पावलं पुढे पडत आहेत. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. कुंकू आणि बांगड्या राहिल्या, तरी पुढचे प्रश्न कथेला हाका मारत आहेत. पहिल्या नवऱ्याच्या जमिनीचं काय, थोरला मुलगा नव्या माणसाला काय म्हणणार, सासू नातवंडं सोडेल का? लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी आता लग्नानंतरच्या दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षाची गोष्ट हाती घ्यावी. राधानगरी किंवा शिरोळच्या एखाद्या घरात ती आज घडते आहे, आणि मराठीत तिच्यासाठी अजून भरपूर जागा रिकामी आहे.