मतांच्या तराजूंत सूर

'सारेगमप लिटिल चॅम्प्स' या कार्यक्रमाचें परीक्षण करूं लागतां पहिलाच प्रश्न पडतो, तो हा कीं परीक्षण गाण्याचें करावयाचें कीं स्पर्धेचें? 'झी मराठी' वाहिनीवर २००८-०९ सालीं झालेली ही बालगायकांची स्पर्धा महाराष्ट्रांत घरोघर पाहिली गेली. अखेरच्या पांच जणांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील आरवलीचा प्रथमेश लघाटे होता. विजयाचा मान आळंदीच्या कार्तिकी गायकवाडनें मिळविला. आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन व रोहित राऊत हीं बाकीचीं तिघें.

कार्यक्रमाचे गुण प्रथम सांगणें न्याय्य होईल. ज्या घरांतून अभंग आणि नाट्यगीत आजोबांच्या खोलीपुरतें उरलें होतें, तेथें नातवंडें तें कान देऊन ऐकूं लागलीं. प्रथमेशच्या गाण्यांत रागदारीची बैठक होती. टाळ्यांसाठीं सूर सोडण्याचा मोह त्यांत दिसला नाहीं.

बालगायकांचें कौतुक आपणांस नवें नव्हे. रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्यांनीं नारायण राजहंस या मुलास 'बालगंधर्व' म्हटलें, अशी कथा सर्वश्रुत आहे. दीनानाथ मंगेशकर कोवळ्या वयांत किर्लोस्कर मंडळींत गेले व १९१८ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. नाटक मंडळींतील मुलांचे हाल थोडे नव्हते. परंतु एखाद्या रात्रीं पद पडलें, तर दुसऱ्या रात्रीं तें सुधारण्याची संधि असे. येथें मात्र स्पर्धेंतून गळणें हाच खेळाचा एक अंक. निकाल लागतांना कॅमेरा गायकावरून निघून रडवेल्या चेहऱ्यावर स्थिरावतो, आणि आपणही तो पाहत बसतों. या रचनेचा मुख्य दोष हाच.

दुसरा दोष मतांचा. संदेशास पैसे पडत आणि एकाच माणसास तो अनेकदां पाठवितां येई. मग मोजला जाई तो उत्साह; कान नव्हे. यांत दोष केवळ वाहिनीचा नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही आपल्या जिल्ह्याच्या मुलास मत दिलें, आणि तें गाणें संपण्यापूर्वींच! त्या क्षणीं आम्ही रसिक नव्हतों, केवळ रत्नागिरीकर होतों.

२०२१ सालीं हेच पांच जण त्याच कार्यक्रमांत परीक्षक म्हणून बसले. हरलेले चौघे विजयी कार्तिकीच्या पंक्तीस आले, यावरून स्पर्धेचा निकाल हा गाण्याचा निकाल नव्हे, हें काळानेंच दाखविलें. परंतु त्या आधीं जीं मुलें गळलीं, त्यांचीं नांवें आज किती जणांस आठवतात?

आईबापांनीं मुलांस स्पर्धेंत अवश्य पाठवावें. मात्र शिक्षण तेथें होईल अशी आशा धरूं नये. स्पर्धेहून मूल परत येईल, त्या दिवशीं घरचा तंबोरा जुळलेला असावा, म्हणजे झालें.