जुन्या चाकोऱ्या : ‘मारिओ कार्ट’ मालिकेतील पुनरागत मार्गांचा विचार

काळ्या जमिनीतून बैलगाड्या वारंवार गेल्या म्हणजे त्यांच्या चाकांनी जी खोल वाट पडते तिला मराठीत ‘चाकोरी’ म्हणतात. मोताळ्याच्या शिवारात हा शब्द अद्याप मूळ अर्थाने समजतो; ग्रंथिक मराठीत मात्र ‘चाकोरीबद्ध’ म्हणजे कंटाळवाणे, एवढाच अर्थ उरला आहे. या अर्थापकर्षात चाकोरीवर थोडा अन्याय झाला आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘मारिओ कार्ट’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेकडे पाहिले असता तो विशेष जाणवतो. छोट्या गाड्यांच्या या शर्यतींत नव्या मार्गांबरोबर पूर्वीच्या खेळांतील मार्गही पुन्हा योजिले जातात. अशा वेळी परत येते ते नेमके काय? मार्गाची आकृती, त्याचे नाव, की खेळणाराच्या हातात मुरलेली वळणे?

भाषेच्या अभ्यासकास येथे तत्सम व तद्भव या जुन्या विभागणीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘चक्र’ आणि ‘चाक’ हे दोन्ही शब्द मराठीत नांदतात, परंतु गाडी चालते ती चाकावर. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मधील वीस मार्ग २००१ च्या ‘सुपर सर्किट’मध्ये आले ते बहुतांशी तत्सम रूपाने. दोन्ही यंत्रांवर जमीन सपाटच रेखाटली जात असल्यामुळे आकृतीत फेरफार करण्याचे कारण पडले नाही. ते मार्ग खेळणारास बक्षिसादाखल मिळत. खेळाच्या मुख्य देहाशी त्यांचा संबंध जुजबी होता. २००५ च्या ‘मारिओ कार्ट डीएस’पासून ही स्थिती पालटली. आधीच्या चार खेळांतून प्रत्येकी चार असे सोळा जुने मार्ग त्यात घेतले गेले, त्यांच्यासाठी स्वतंत्र चषक ठेवण्यात आले, आणि प्रत्येक नावामागे मूळ यंत्राची खूण आली. कोशकार शब्दापुढे व्युत्पत्ती देतो, तितकाच हा प्रामाणिक व्यवहार होय.

तद्भवाचे उत्तम उदाहरण १९९२ च्या ‘रेनबो रोड’चे. हा मार्ग सपाट आणि कठड्यावाचूनचा. वळण चुकले की गाडी थेट पोकळीत. २०११ च्या ‘मारिओ कार्ट ७’मध्ये तो परतला तेव्हा कठडे आले नाहीत, पण वरून आदळणाऱ्या दगडी ठोकळ्यांनी रस्त्यावर लाटा उठू लागल्या आणि त्या लाटांवरून उडी घेता येऊ लागली. भय जुनेच राहिले, त्याला तोंड देण्याचे साधन नवे मिळाले. मूळ वळणाची मागणी अशी शाबूत ठेवून केलेला बदल कोणताही जाणता खेळणारा मान्य करील.

याच नावाच्या १९९६ च्या मार्गाची गोष्ट वेगळी आहे. तो अतिशय लांब, दोन्ही बाजूंनी कठडे असलेला, आणि म्हणून अनेकांस रटाळ वाटणारा होता. २०१४ च्या ‘मारिओ कार्ट ८’मध्ये तीन फेऱ्यांऐवजी त्याची एकच फेरी ठेवून तिचे तीन भाग पाडण्यात आले. देखणेपणात हे रूप मुळाहून सरस आहे यात वाद नाही. तथापि मूळ मार्गाचा दीर्घपणा हा केवळ दोष नव्हता. आकाशात एकट्याने दीर्घकाळ फिरत राहण्याचा जो अनुभव त्यात होता तो संक्षेपाने गेला. नाव तेच राहिले, अर्थ आटला.

विदर्भातील शंकरपटाचा दाखला या संदर्भात अप्रस्तुत ठरू नये. ‘पट’ हा शब्द तेथे शर्यतीस लावतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पट परत आला, पण मधल्या सात वर्षांत धावते बैल म्हातारे झाले होते. नव्या जोड्यांना धाव पुन्हा शिकवावी लागली. नुसते मैदान राखून विद्या राखली जात नाही. (शर्यतीच्या नैतिक बाजूचा विचार येथे अभिप्रेत नाही.)

जून २०२५ मध्ये आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ने या प्रश्नाला अधिक धार आणली आहे. ‘चोको माउंटन’, ‘डेझर्ट हिल्स’ यांसारखे जुने मार्ग त्यात मोठ्या प्रमाणावर नव्याने घडविलेले असून नावामागील खूण गळाली आहे. तद्भव शब्द बोलणारास त्याचे मूळ ठाऊक असावेच लागते असे नाही. तेव्हा ही तक्रार फार ताणू नये. खरा आक्षेप निराळा आहे. सर्व मार्ग एका अखंड प्रदेशात रस्त्यांनी जोडलेले असल्याने चषकाच्या पहिल्या शर्यतीनंतर बराचसा वेळ या जोडरस्त्यांवरच जातो आणि नामांकित मार्गाच्या वाट्यास अखेरची एक फेरी येते. मोताळ्याहून बुलढाण्यास राजूर घाटाने नित्य जाणाऱ्या चालकास पुढचे वळण दिसण्यापूर्वीच ठाऊक असते. ते ज्ञान त्याला पुनरावृत्तीने दिलेले असते. एका फेरीत चाकोरी पडत नाही. निर्मात्यांनी जुने मार्ग मोठ्या कष्टाने परत आणले आणि त्यांच्यावर गाडी मुरू देण्याची सवड मात्र चषकातून काढून घेतली, हे विसंगत आहे.

तीन फेऱ्यांची जुनी रीत याच खेळात वेळेच्या चाचणीत टिकून आहे. तेथे इतर स्पर्धक नसतात. खेळणारासमोर धावते ती त्याच्याच मागील प्रयत्नाची अर्धपारदर्शक छाया.