छडी कोणासाठी? – झुबिन मेहतांच्या कारकिर्दीचा एक विचार

वाद्यवृंदाचा संचालक स्वतः एकही स्वर काढीत नाही. लय कोठे संथ व्हावी, व्हायोलिनांनी कोठे मागे सरावे, हे तो छडीच्या खुणेने सांगतो. नाद मात्र इतरांचा असतो. म्हणून त्याचे मूल्यमापन करताना त्याने कोणाकडून आणि कोणासाठी वाजवून घेतले, हेही पाहावे लागते.

झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ साली मुंबईच्या पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत स्वरलिपी शिकलेले अनेक कॅथलिक वादक त्या काळी मुंबईत वाजवीत. त्यांची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वैद्यकपूर्व शिक्षण सोडून झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले व हान्स स्वारोव्स्की यांचे शिष्य झाले. पुढे माँट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क अशी पदे त्यांनी भूषविली. इस्रायल फिलहार्मोनिकशी असलेले त्यांचे दीर्घ नाते २०१९ मधील निवृत्तीपर्यंत टिकले. भारताने २००१ साली त्यांना पद्मविभूषण दिले.

परंतु त्यांची खरी कसोटी दोन मैफलींत दिसते. १९ जून १९९४ रोजी, वेढा पडलेल्या सारायेव्होत, जळून गेलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्नावशेषांत त्यांनी मोझार्टचा 'रेक्वियम', म्हणजे मृतांसाठीच्या मिस्साचे संगीत, सादर केले. १७९१ मध्ये मृत्यूने मोझार्टच्या हातून अपुरी राहिलेली ही रचना होती. एकल गायक बाहेरून आले होते. पण वाद्यवृंद सारायेव्होचाच होता आणि गायनवृंद तेथील कॅथेड्रलचा. ज्यांच्यावर संकट कोसळले होते, त्यांनीच आपल्या मृतांसाठी प्रार्थना गायिली. तेथे संगीत हे दुःखितांचे स्वतःचे शब्द झाले.

७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालीमार बागेत मात्र बव्हेरियाचा वाद्यवृंद आला. अभय सोपोरी व काश्मिरी वादकांना स्थान मिळाले, हे मान्य करावयास हवे. तथापि निमंत्रित श्रोते आणि कडेकोट बंदोबस्त यांच्या पलीकडे उभ्या असलेल्या काश्मिरी जनतेचा त्यात कितीसा वाटा होता? त्याच दिवशी शहरात निराळा, निषेधाचा कार्यक्रमही झाला. वादनात उणीव होती म्हणून नव्हे, तर शांतीचा स्वर वरून उतरविला गेला म्हणून ही मैफल उणी वाटते. संचालकाचा हेतू शुद्ध असला, तरी मांडणी त्याच्या हेतूवर मात करू शकते.

खानदेशात सिंफनी वाद्यवृंद कोठून असणार? पण पाचोऱ्यासारख्या गावीही उपासनेतील गायन असतेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये श्रद्धावंतांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी. चार कुशल गळ्यांचे सुरेल गाणे आणि सबंध मंडळीने एकमुखाने गायिलेले साधे स्तोत्र यांत निवड करावयाची झाली, तर सारायेव्होतील मेहता आपल्याला दुसरीच वाट दाखवितात.