वायरीच्या बाजूने

हॅम रेडिओ स्टेशनात आलेला पाहुणा आधी रिगचा डायल बघतो, मग अँटेनाची चौकशी करतो. मी टेबलाखाली वाकतो. स्टेशन मांडणाऱ्याची समज तिथल्या लाल-काळ्या वायरींत दिसते.

उत्तम मांडणीत पहिला फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभरातच भेटतो. रिगपाशी बसवलेला फ्यूज रिगमधला शॉर्ट सांभाळेल. पण वायर वाटेतच टेबलाच्या पत्र्यावर सोलवटली तर? बॅटरी 12 व्होल्टचीच, पण शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर ओतते, आणि फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला तेव्हा कुणी वाली नसतो. फ्यूज मुख्यतः वायरीसाठी असतो. हे उमगलेल्या माणसाची फ्यूजपट्टी रंगांवरूनच ओळखू येते: 100 वॉटच्या एचएफ रिगला 25 चा पारदर्शक, व्हीएचएफ सेटला 15 चा निळा, आणि मीटरच्या दिव्याकडे जाणाऱ्या बारीक वायरीला 3 चा जांभळा. हा जांभळा दिसला की मला मनापासून दाद द्यावीशी वाटते. बहुतेक जण तिथे हाताला येईल तो फ्यूज खोचतात.

फ्यूज तसा सावकाश माणूस. दुप्पट करंटलाही पाच सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो, सव्वापटीच्या थोडं वर तर काही मिनिटं. म्हणून वायर त्याच्याहून एक पायरी जाड हवी. जाडीचा दुसरा लाभ व्होल्टेजचा: दोन मीटर अंतरावर, जाऊन-येऊन, 20 अँपिअरला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर सुमारे 0.6 व्होल्ट खाते, 6 ची पाव व्होल्ट.

अँडरसन पॉवरपोलचं कौतुक सगळेच करतात. नर-मादी भेद नाही, कुठलाही प्लग कुठल्याही प्लगला लागतो. माझी तक्रार एवढीच, की 15, 30 आणि 45 अँपिअरचे काँटॅक्ट त्याच आवरणात बसतात. बाहेरून बघून काही कळत नाही.

आणि निगेटिव्हवरचा फ्यूज. गाडीत तो सार्थ आहे: इंजिन आणि बॉडी यांना बॅटरीशी जोडणारी अर्थची पट्टी तुटली, तर स्टार्टरचा करंट रिगच्या वायरीतून वाट काढू बघतो. घरी मात्र पुष्कळांनी तो कारण न बघता तसाच बसवलेला असतो. तिथे तो एकटा उडाला, तर रिगचे 20 अँपिअर को-ॲक्सच्या जाळीतून, नाहीतर कॉम्प्युटरला जोडलेल्या यूएसबी केबलमधून परतू बघतात, आणि यूएसबीची वायर तेवढ्यासाठी ओढलेली नसते.