भौतिकवादी इतिहासदृष्टी आणि खानदेशची साक्ष

इतिहास कोणत्या बळावर पुढे सरकतो, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. ज्याच्या घामावर इतिहास उभा राहतो, त्याची सुटका कोणत्या मार्गाने होणार, हे त्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणूनच धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील (१९२५–२०१४) यांनी या प्रश्नाशी आयुष्यभर घेतलेल्या झुंजीचे मूल्यमापन आपल्या भागात तरी साक्षेपाने व्हावयास हवे.

प्रथम मूळ सिद्धान्त पाहू. समाजाच्या घडणीचे रहस्य उत्पादनात शोधण्याची दृष्टी मार्क्सच्या आधीच्या समाजवाद्यांतही अंकुरली होती. फ्रान्समधील सॅं-सिमॉं याने उद्योगाला समाजाचा पाया मानले. मात्र त्याच्या अखेरच्या ग्रंथाचे नाव ‘नवा ख्रिस्ती धर्म’ (१८२५) असे आहे. केवळ उद्योगाने बंधुभाव निर्माण होत नाही, हे त्याला जाणवले असावे. मार्क्सने हा दुहेरीपणा टाकून दिला. १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत त्याने उत्पादनसंबंधांना पाया मानले आणि कायदा, राजकारण, धर्म व तत्त्वज्ञान यांना त्या पायावरची इमारत मानले. पाया हलला की इमारत बदलते, असा हा क्रम आहे.

या क्रमाची कसोटी भारतात लागली. १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लिहिताना मार्क्सने असे भाकीत केले की, रेल्वेमुळे येणारा आधुनिक उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडील आणि तिच्यावर उभ्या असलेल्या जाती विरघळतील. आपल्या खानदेशात ही रेल्वे १८६० च्या दशकात आली. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे मुंबईशी जोडली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव दिला, पुढे गिरण्याही निघाल्या. पाया निश्चितच हलला, परंतु जात विरघळली नाही. ती आगगाडीत बसून गिरणीत गेली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे, कारण तेथे धाग्याला तोंड लावावे लागे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. जात ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांचे १९३६ चे प्रतिपादन या अनुभवातून उजळून निघते.

शरद पाटलांची थोरवी अशी की, त्यांनी हे अपयश झाकले नाही. जातीच्या प्रश्नावर मतभेद होऊन १९७८ मध्ये त्यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. कॉम्रेड डांगे यांनी १९४९ मध्ये प्राचीन भारताला आदिम साम्यवाद व गुलामगिरी यांच्या युरोपीय साच्यात बसविले होते आणि दामोदर धर्मानंद कोसंबींनी त्यावर त्याच वर्षी कठोर टीका केली होती. पाटील त्याही पुढे गेले. ब्रिटिशपूर्व भारतात वर्ण आणि जात हीच शोषणाची चौकट होती, वर्ग नंतर आले, असे त्यांनी ‘दासशूद्रांची गुलामगिरी’त मांडले. जात ही इमारत नसून तीच पाया आहे, असा याचा अर्थ. याला त्यांनी ‘बहुप्रवाही ऐतिहासिक भौतिकवाद’ असे नाव दिले. आपली मांडणी सर्व राष्ट्रांना सरसकट लावू नये, असे १८७७ मध्ये एका रशियन नियतकालिकाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात खुद्द मार्क्सनेच बजावले होते. त्या अर्थाने पाटील हे मार्क्सचे प्रामाणिक शिष्य ठरतात.

आमच्या मते या ग्रंथाची दुर्बलता त्याच्या पुराव्यांत आहे. पाटील पाणिनीचे व्याकरण शिकले आणि शब्दांच्या पोटातून त्यांनी प्राचीन स्त्रीसत्तेचा शोध घेतला. ज्या धुळ्यात १९२६ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला, तेथे ही पद्धती अपरिचित नव्हती. विवाहसंस्थेचा इतिहास राजवाड्यांनीही शब्द आणि विधी यांच्या आधारे लिहिला. परंतु शब्द हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. निर्ऋतीसारख्या देवतेच्या नावावरून संपूर्ण समाजव्यवस्था उभी करताना उत्खनन, शेतीची अवजारे आणि वसाहतींचे अवशेष यांची जोड जितकी हवी तितकी मिळत नाही. भौतिकवादी इतिहासात भौतिक पुरावाच तोकडा पडावा, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. जाणीव ही जर केवळ परिस्थितीची सावली असेल, तर परिस्थितीविरुद्ध उभी राहणारी जाणीव कोठून येते? १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिणारे जोतीराव कोणत्या उत्पादनसंबंधांचे फलित होते? आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याजवळील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासींना दारू सोडण्याची आणि परस्परांना ‘आप’ म्हणून मान देण्याची शिकवण दिली. तेव्हा जमिनीचा मालक बदलला नव्हता, सावकाराची वहीही बदलली नव्हती. माणसाची स्वतःविषयीची कल्पना मात्र बदलली. पुढे १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढू लागली, तेव्हा आदिवासी स्त्रियांनी दारूचे गुत्तेही फोडले. भाकरीचा लढा आणि मानाचा लढा तेथे वेगळे काढता येत नाहीत. आर्थिक घटक हा एकमेव निर्णायक घटक असे आम्ही कधी म्हटले नाही, हा एंगल्सचा १८९० मधील खुलासा येथे आठवतो. पण खुलासा म्हणजे उपपत्ती नव्हे.

पाटलांना ही उणीव कळली होती. उत्तरायुष्यात ते दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांकडे वळले आणि त्यांनी ‘सौत्रांतिक मार्क्सवाद’ मांडला. जाणिवेचे स्वतंत्र शास्त्र असल्याखेरीज इतिहासाचे शास्त्र पुरे होत नाही, याचीच ही कबुली आहे. ती मांडणी सर्वांना पटो वा न पटो, साठी उलटल्यावर आपल्याच सिद्धान्ताची तपासणी करण्याचे हे धैर्य दुर्मीळ होय.

हा वाद जुना झाला, असे कोणी म्हणेल. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत शेतमालकाशी बांधल्या जाणाऱ्या सालदाराकडे पाहावे. त्याचा करार पैशाचा असतो. पण बैठकीत तो कोठे बसतो, त्याला चहा कोणत्या भांड्यातून मिळतो आणि कोणत्या नावाने त्याला हाक मारली जाते, हे करारात लिहिलेले नसते. निव्वळ मजुरी वाढविणारा समाजवाद त्याला अर्धाच न्याय देईल. निव्वळ समतेचे प्रवचन करून मजुरीबद्दल मौन पाळणारे आपण सारे तर तेवढाही देत नाही. पाटलांचा ग्रंथ या दोन्ही पक्षांना अस्वस्थ करतो. त्यातील व्युत्पत्ती पुढील अभ्यासक खोडतील, काळाचे टप्पे बदलतील. परंतु जातीचा हिशेब चुकता केल्यावाचून भाकरीचा हिशेब जुळणार नाही, हे त्याचे मुख्य म्हणणे खोडण्याइतका पुरावा खानदेशच्या शिवारात अद्याप तरी सापडत नाही.