टपालपेटीची किल्ली कोणाकडे?

‘नोरा आणि हेल्मर यांच्या वैवाहिक जीवनातील सत्तासंबंधांची चर्चा करा’ हा प्रश्न परीक्षेत शब्द बदलून येत राहतो. माझ्या वाचनात आलेली बहुतेक उत्तरे एकाच वाटेने जातात : हेल्मर जुलमी, नोरा बाहुली, शेवटी दार आपटते आणि नोरा मुक्त होते. एवढ्यावर गुण मिळतीलही. पण इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ हातून निसटते.

माझ्या मते उत्तराचा आरंभ स्वभाववर्णनाने करू नये. कोणाच्या हाती काय आहे, हे आधी पाहावे. टपालपेटीची किल्ली हेल्मरकडे आहे. घरखर्चाचे पैसे तोच देतो. नोराने गोड खाऊ नये, हा नियमही त्याचाच. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही, याची आठवण लिंडेबाई पहिल्याच अंकात करून देतात. नाटक १८७९चे, नॉर्वेत विवाहित स्त्रीला कायद्याने सज्ञान मानले गेले ते १८८८ साली.

आता दुसरी बाजू. आजारी नवऱ्याला इटलीला नेण्यासाठी नोराने ४,८०० क्रोनरचे कर्ज काढले, त्यासाठी वडिलांची खोटी सही केली. कर्ज ती काटकसर करून गुपचूप फेडते आहे. म्हणजे घराचा कर्ता म्हणवणारा पुरुष बायकोच्या कर्जावर जगला आहे. त्याचा अभिमान दुखावू नये म्हणून ती हे लपवते. हेल्मरची सत्ता अशी नोराच्या मौनावर उभी आहे. म्हणून पत्र उघडताच ती कोसळते. कर्जरोखा परत मिळाल्यावर तो लगेच क्षमा करतो. ही क्षमा हे सत्तेचे शेवटचे हत्यार आहे. नोरा ती नाकारते, तेव्हाच ती खरी घराबाहेर पडते. दार नंतर आपटते.

जर्मन रंगभूमीसाठी १८८० साली इब्सेनला शेवट बदलावा लागला. त्यात हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि नोरा तिथेच खचते. कायदा नको, किल्ली नको; झोपलेली मुले पुरतात. दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचले, तर ‘नोरा मुक्त झाली’ हे वाक्य इतक्या सहज लिहवणार नाही.