भाव आहे, बाजार नाही

वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर एक वाक्य लिहीत असे : ‘नोंदणीकृत कंपनीचा शेअर कधीही विकून रोख रक्कम उभी करता येते.’ परीक्षेत ते लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुणही दिले आहेत. ते वाक्य अर्धवट आहे, हे मला पुस्तकातून कळले नाही. अण्णांच्या कपाटातल्या एका फाइलने शिकवले.

फाइलमध्ये एका छोट्या यंत्रभाग कंपनीचे 300 शेअर होते. अण्णांनी ते 1994 साली दहा रुपये भावाने, अर्ज भरून घेतलेले. अण्णांच्या मागे ते आईच्या नावावर झाले, डीमॅट झाले. 2013 साली आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा ते विकून हातभार लावावा असे आम्ही ठरवले. पडद्यावर भाव 62 रुपये. म्हणजे 18 हजार 600. पण तो भाव अकरा दिवसांपूर्वी झालेल्या एका सौद्याचा होता. त्या दिवशी खरेदीसाठी उभा असलेला माणूस एकच, त्याला हवे होते 40 शेअर आणि तो देणार होता 50 रुपये. ब्रोकरच्या कार्यालयातला मुलगा म्हणाला, “मॅडम, भाव आहे, पण बाजार नाही.”

त्या वाक्याचा पाठपुरावा म्हणून मी सेबीची गेल्या काही वर्षांतली परिपत्रके वाचायला घेतली. या नियमांचा कर्ता आपल्यासमोर कोणता गुंतवणूकदार कल्पितो, एवढाच प्रश्न मनाशी धरला होता.

गावचा बाजार उठला

1992 साली भांडवल उभारणीवरचे सरकारी नियंत्रण गेले आणि प्राथमिक विक्रीचा पूर आला. नव्वदीच्या मध्यावर वर्षाला हजाराहून अधिक कंपन्या लोकांपुढे आल्या. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात, तिथल्या प्रादेशिक शेअर बाजारात नोंदणी करणे तेव्हा बंधनकारक होते. 1982 साली सुरू झालेला पुणे शेअर बाजार हा असाच एक. देशभर असे वीसहून अधिक बाजार होते. अण्णांसारख्या पगारदाराला त्यातून एक खात्री मिळत होती, की कंपनी ओळखीच्या गावची आहे आणि विकायची वेळ आली तर बाजारही जवळच आहे.

राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडद्यावरचे व्यवहार देशभर पोहोचल्यावर हे प्रादेशिक बाजार ओस पडले. मे 2012 मध्ये सेबीने परिपत्रक काढले : वार्षिक उलाढाल दोन वर्षांत 1,000 कोटी रुपयांपर्यंत नेता आली नाही, तर बाजाराची मान्यता जाईल. एकामागून एक बाजार बंद झाले. पुण्याचा 2015 मध्ये. मेलेले बाजार कागदावर जिवंत ठेवण्यात अर्थ नव्हता, हे मान्य. पण फक्त तिथेच नोंदलेल्या कंपन्यांचे भागधारक कुठे गेले? त्यांच्यासाठी ‘डिसेमिनेशन बोर्ड’ नावाचा फलक आला, जिथे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापली इच्छा नोंदवायची. प्रवर्तकांनी एक तर राष्ट्रीय बाजारात नोंदणी करावी, नाही तर स्वतंत्र मूल्यांकनाने भागधारकांना पैसे देऊन मोकळे करावे, यासाठी कंपन्यांनी तीन महिन्यांत आराखडा द्यावा असे सांगणारे परिपत्रक यायला ऑक्टोबर 2016 उजाडले. आधी दार बंद झाले आणि खिडकीचा विचार चार वर्षांनी झाला.

तासाभराचा लिलाव

आमची कंपनी मुंबईतही नोंदलेली होती, म्हणून या फेऱ्यातून सुटली. पण फेब्रुवारी 2013 च्या दुसऱ्या परिपत्रकात सापडली. ज्या शेअरचे तिमाहीतले दैनंदिन सरासरी व्यवहार 10,000 शेअरहून आणि 50 सौद्यांहून कमी, तो ‘इलिक्विड’. त्याचे नेहमीचे अखंड व्यवहार थांबवून तासातासाचे लिलाव सुरू झाले. त्यातली 45 मिनिटे मागण्या नोंदवायच्या, पुढच्या 8 मिनिटांत एक समान भाव काढून सौदे जुळवायचे, उरलेला वेळ मोकळा. न जुळलेल्या मागण्या सत्र संपताच रद्द.

हेतू समजण्याजोगा होता. चार सौद्यांत भाव चढवून भोळ्याभाबड्यांच्या गळ्यात माल मारणाऱ्या टोळ्यांना आळा घालायचा होता. मागण्या एकत्र साठल्या तर खरा भाव निघेल, हा तर्कही पुस्तकी दृष्ट्या निर्दोष आहे. पण खरेदीदारच नसेल तर एकत्र काय साठणार? माझी विक्रीची मागणी दर तासाला पुसली जायची आणि ब्रोकरकडच्या त्या मुलाने ती पुन्हा भरायची. 18 हजारांच्या सौद्यासाठी कुठला ब्रोकर दिवसभर हे करील? जो अधूनमधून येणारा खरेदीदार होता, तोही या कटकटीने दिसेनासा झाला. त्याच वर्षी निकष सैल केले गेले. आमची कंपनी यादीतून बाहेर पडली, पण गेलेले खरेदीदार परत आले नाहीत.

पुढचे नियमही याच वळणाचे. 2017 मध्ये ‘श्रेणीबद्ध देखरेख’ आली. तिच्या वरच्या टप्प्यांत आठवड्यातून एकदाच व्यवहार, आणि खरेदी करणाऱ्याने जादा अनामत भरायची. 2023 मध्ये 500 कोटींहून कमी बाजारमूल्याच्या कंपन्यांसाठी आणखी एक देखरेख आली. ही सगळी परिपत्रके एकापुढे एक ठेवली, की त्यांच्या कल्पनेतली दोन माणसे स्पष्ट दिसतात. एक भाव फुगवणारा लबाड, आणि दुसरा त्याच्या जाळ्यात सापडू शकणारा नवा खरेदीदार. पहिल्याला अडवायचे, दुसऱ्याला सावध करायचे. ज्याच्या हातात शेअर आधीपासून आहे, ज्याने कसलीही लबाडी केलेली नाही आणि ज्याला फक्त बाहेर पडायचे आहे, तो तिसरा माणूस या मजकुरात कुठेच नाही. खरेदीदारासमोर लावलेला प्रत्येक अडसर त्याच्याही दाराला लागतो.

धनत्रयोदशीचा चमत्कार

हे सारे अटळ आहे, असे मी मानलेही असते. पण 29 ऑक्टोबर 2024 रोजी, नेमकी धनत्रयोदशीला, एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर 3 रुपये 53 पैशांवरून एका दिवसात 2 लाख 36 हजार 250 रुपयांवर गेला. वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटले. कोणी 3 रुपयांचे सव्वादोन लाख केले, अशा गप्पाही झाल्या. त्या खोट्या होत्या, कारण 3 रुपये 53 पैशांना विकायला कोणी तयारच नव्हते.

एल्सिडकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत, त्यामुळे तिचे पुस्तकी मूल्य शेअरमागे काही लाखांत जात होते. एकूण शेअर अवघे 2 लाख, त्यातले 75 टक्के प्रवर्तकांकडे. भाव मात्र साडेतीन रुपयांवर थिजलेला आणि रोजच्या चढउताराला मर्यादा. मी कागदावर हिशेब केला : रोज 5 टक्के वाढ धरली, तरी 3.53 वरून सव्वादोन लाखांवर पोहोचायला सलग 227 दिवस वरचे सर्किट लागावे लागेल, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी निदान एकाने तरी त्या हास्यास्पद भावाला शेअर विकावा लागेल. म्हणजे भाव खरा होण्याच्या आड भावाचे संरक्षण करणारा नियमच उभा होता.

ही गाठ सेबीनेच सोडवली. जून 2024 च्या परिपत्रकाने, दुसऱ्या नोंदणीकृत कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या आणि पुस्तकी मूल्याच्या निम्म्याहून कमी भावात अडकलेल्या गुंतवणूक कंपन्यांसाठी वर्षातून एकदा, कोणतीही भावमर्यादा नसलेला विशेष लिलाव ठेवला. 2 लाख 25 हजार हा भाव त्या लिलावात निघाला आणि त्यावर 5 टक्के चढला. संपत्ती त्या दिवशी निर्माण झाली नाही. ती होतीच, पण तिला दार नव्हते.

माझी तक्रार इथून सुरू होते. गाठ सुटू शकते हे सिद्ध झाले, पण ती सुटली फक्त गुंतवणूक कंपन्यांपुरती. यंत्रभाग, कापड किंवा साखर बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा भागधारक त्या परिपत्रकात बसत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणी मागे घेण्याचे नियम बदलले आणि प्रवर्तकांना किमान भावावर 15 टक्के अधिक देऊन ठरावीक भावाने शेअर परत घेण्याचा सोपा मार्ग मिळाला. तोसुद्धा ‘वारंवार व्यवहार होणाऱ्या’ शेअरसाठी. म्हणजे वर्षभरात एकूण शेअरच्या किमान 10 टक्के उलाढाल असणाऱ्यांसाठी. ज्याला बाजारात रोज गिऱ्हाईक मिळते, त्याच्यासाठी आणखी एक वाट. ज्याला मिळत नाही, त्याच्यासाठी जुनीच.

मागणे मोठे नाही

थंड शेअरला सरकारने गिऱ्हाईक आणून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. वाईट कंपनी घेतली तर तोटा सोसावाच लागतो. पण नोंदणी हे कंपनीने लोकांना दिलेले वचन असते आणि त्या वचनावरच तिला भांडवल मिळते. 2012 पासून लघुउद्योगांच्या वेगळ्या मंचावर नोंदणी करताना निदान तीन वर्षे दोन्ही बाजूंचे भाव देणारा ‘मार्केट मेकर’ नेमावा लागतो. म्हणजे छोट्या शेअरला बाजार आपोआप मिळत नाही, तो पुरवावा लागतो, हे नियमकर्त्यांनी तत्त्वतः मान्य केले आहे. तेच तत्त्व मुख्य मंचावरच्या थंड शेअरना का लागू नये? वर्षातून एकदा, भावमर्यादेशिवाय, पुरेशी आधी जाहीर केलेली तारीख देऊन लिलाव घेता येईल. सलग काही वर्षे उलाढाल नगण्य राहिली, तर प्रवर्तकांनी स्वतंत्र मूल्यांकनाने शेअर घेण्याची तयारी दाखवावी, असे बंधन घालता येईल. यातले काहीच नवे शोधायचे नाही. 2012, 2016 आणि 2024 च्या परिपत्रकांत ते वेगवेगळ्या लोकांसाठी लिहून ठेवलेलेच आहे.

आईची शस्त्रक्रिया भावाने घातलेल्या पैशांतून झाली. त्या खरेदीदाराला आम्ही 40 शेअर 50 रुपयांना दिले. 260 अजून आहेत. कंपनी चालू आहे, अधूनमधून शंभर-दोनशे रुपयांचा लाभांश खात्यात पडतो. डीमॅटच्या विवरणपत्रात त्या 260 शेअरपुढे एक रक्कम छापून येते आणि आई चष्मा लावून ती वाचते. “एवढे आहेत ना गं आपले?” असे तिने गेल्या दिवाळीत विचारले. मी हो म्हणाले. फळ्यावरचे वाक्य आता मला पुन्हा लिहिता आले, तर ‘कधीही’ हा शब्द मी त्यातून पुसून टाकीन.